मलम लावण्याआधी जागा बघा: अंगाच्या कोणत्या कातडीला काय, किती आणि किती दिवस

मे महिन्यातल्या एका दुपारी कॉलेजातली एक मुलगी काउंटरशी आली. इंदूरच्या उन्हात स्कूटरवर निघणाऱ्या सगळ्याच मुली बांधतात तसा चेहऱ्याला स्कार्फ होता. "ताई, ही अजून एक द्या," म्हणत तिनं रिकामी, गुंडाळून गुंडाळून चपटी केलेली ट्यूब पुढे ठेवली. क्लोबेटासोलचं, म्हणजे सूज दाबणाऱ्या जोरदार स्टेरॉइडचं मलम. मी चिठ्ठी मागितली तर ती वडिलांची निघाली, तळपायाच्या सोरायसिसची. "पप्पांना खूप फरक पडला, म्हणून मी गालावरच्या डागांना लावायला लागले." किती दिवस झाले विचारलं, तर चार महिने. तिनं स्कार्फ सोडला. दोन्ही गाल लालबुंद, कातडी कागदासारखी पातळ, आत बारीक लाल शिरांचं जाळं, आणि कानशिलापासून हनुवटीपर्यंत कोवळी लव वाढलेली. उन्हात आग होते म्हणाली, आणि एक दिवस मलम चुकलं तरी होते.

औषध खोटं नव्हतं आणि डॉक्टरांनी चुकीचंही दिलं नव्हतं. तळव्यासाठी दिलेलं मलम गालावर गेलं, एवढंच झालं होतं. मी ट्यूब दिली नाही, तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पण या प्रकारची चूक मी बावीस वर्षं रोज बघते आहे. राजेंद्र नगर, सुदामा नगर भागातली आपली शिकलेली, वाचणारी माणसंसुद्धा एक ट्यूब घरभर आणि अंगभर वापरतात. म्हणून हे सगळं एकदा क्रमानं लिहून काढते.

मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. रोग कोणता हे ठरवणं डॉक्टरांचं काम. औषध हातात आल्यावर ते कुठे, कसं आणि किती लावायचं, यासाठी हा लेख आहे.

१. तयारी: आपल्याच अंगाची दहा मिनिटं पाहणी

हे एकदाच करायचं आहे, पण टाळू नका. खिडकीपाशी उजेडात बसा आणि घरातलं भिंग घ्या.

आधी बोटाचं टोक बघा. बारीक उंच रेघा दिसतील, आणि हाताला थोडा घाम असेल तर त्या रेघांच्या माथ्यावर ओळीनं चमकणारे ठिपके दिसतील. ती घामाची भोकं. एकही केस दिसणार नाही. मग भिंग कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला न्या. तिथे सरळ रेघा संपतात, शंकरपाळ्यांसारखी तिरकी जाळी दिसते आणि मधून बारीक केस निघालेले असतात. आता तळहाताची कातडी चिमटीत धरून बघा, ती हलत नाही, खालच्या थराला घट्ट बांधलेली आहे. हाताच्या पाठीवरची मात्र चिमटीत सहज उचलली जाते. पापणीवर बोट अगदी हलकं फिरवा, ती कातडी बोटाबरोबर सरकते.

कातडीच्या वरच्या थराची जाडी पापणीवर साधारण ०.०५ मिलिमीटर असते, तर तळहात-तळपायावर दीड मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे सुमारे तीस पट फरक. तळव्याच्या कातडीत एक थर जास्तीचा असतो आणि त्यावर मेलेल्या पेशींची जाड साय असते. मेंदी तळहातावर सगळ्यांत गडद चढते आणि मनगटाच्या वर फिकी पडत जाते, ती याच सायीमुळे. रंग धरायला तिथे जाड थर मिळतो.

कामापुरते कातडीचे पाच प्रकार लक्षात ठेवा:

जाड: तळहात, तळपाय, टाच. केस नाहीत, तेलाच्या ग्रंथी नाहीत, घामाच्या भरपूर.

नेहमीची: पाठ, पोट, दंड, मांड्या, पोटऱ्या. पाठीची कातडी यातही जाड असते. नडगीवर तेलाच्या ग्रंथी फार कमी, म्हणून म्हातारपणी खाज तिथून सुरू होते.

पातळ: चेहरा, मान, आणि सगळ्यांत नाजूक पापण्या. चेहऱ्यावर तेलाच्या ग्रंथी मात्र दाट असतात.

घडीची: काखा, जांघा, स्तनांखाली, पोटाच्या वळीत, बोटांच्या बेचक्यात. इथे कातडीला कातडी चिकटून असते. लावलेलं औषध वाफेत कोंडल्यासारखं होतं आणि कित्येक पटीनं जास्त आत जातं. गुप्तांगाची कातडी पातळही आणि घडीचीही, म्हणून ती सगळ्यांत जपायची.

केसांची: डोकं, दाढीची जागा.

हा फरक किती मोठा आहे ते एका मोजणीवरून कळतं. फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी संशोधकांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड शरीराच्या वेगवेगळ्या जागी लावून किती आत जातं ते मोजलं. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, जेवढं शिरतं त्याला १ धरलं, तर तळपायाला ०.१४, तळहाताला ०.८३, पाठीला १.७, डोक्याला ३.५, काखेला ३.६, कपाळाला ६, जबड्याच्या कोनाला १३ आणि अंडकोषाच्या पिशवीला ४२. म्हणजे तळपायाच्या मानानं अंडकोषाच्या कातडीतून तेच औषध ३०० पट शिरतं. त्या मुलीच्या वडिलांना तळव्यावर जे जेमतेम पोचत होतं, ते तिच्या गालातून धो धो आत जात होतं.

तपासा: औषध लावायची जागा यांतल्या कोणत्या प्रकारात बसते, हे सांगता आलं तरच पुढे जा. एकाच रोगाचे चट्टे दोन प्रकारच्या जागी असतील तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "दोन्हीकडे हेच लावायचं का?" हा प्रश्न न विचारल्यामुळे जेवढं नुकसान होतं, तेवढं दुसऱ्या कशानं होताना मी पाहिलेलं नाही.

२. ट्यूबवरचं बारीक वाचा

समोरचं मोठं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं. आपल्याला मागच्या बाजूची बारीक नावं हवीत. दिसत नसतील तर मोबाइलमध्ये फोटो काढून मोठा करा.

क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिसोन: यांतलं काहीही असेल तर ते स्टेरॉइड. क्लोबेटासोल सगळ्यांत जोरदार, हायड्रोकॉर्टिसोन सौम्य.

क्लोट्रिमाझोल, लुलिकोनाझोल, टर्बिनाफिन: ही बुरशीवरची, म्हणजे नायट्याची औषधं.

एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध असं तिन्ही असेल तर ती मिश्र ट्यूब. "ताई, ती दादची ट्यूब द्या," म्हणून लोक बहुतेक वेळा हीच मागतात. दाद म्हणजे आपला नायटा, गजकर्ण. या ट्यूबनं दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टेरॉइड सूज दाबतं. बुरशी आत वाढत राहते. नायट्याची गोल, उठलेली कडा पुसट होते, चट्टा पसरतो, आणि पुढे डॉक्टरांनाही तो पटकन ओळखू येत नाही. जांघेत महिनोन् महिने लावली तर कातडी फाटल्यासारखे लांब पट्टे पडतात, गरोदरपणानंतर पोटावर पडतात तसे, आणि ते जन्मभर जात नाहीत. विशीतली मुलं हे पट्टे घेऊन येतात आणि सांगताना मान वर करत नाहीत. मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण कुणीतरी मेडिकलवाल्यानंच ती ट्यूब न विचारता हातात ठेवलेली असते. २०१८ साली सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. दुकानदारानं चिठ्ठी मागितली तर रागावू नका.

खबरदारी: स्टेरॉइड असलेली ट्यूब शेजारच्या काकूंकडून, वहिनींकडून, भावाकडून उसनी घेऊन लावू नका. गोरं करणारं क्रीम म्हणून जे मिळतं त्याच्याही मागची नावं वाचा, त्यातही कधी कधी मोमेटासोन असतं.

३. जागेप्रमाणे रूप: मलम, क्रीम, लोशन की जेल

तेच औषध वेगवेगळ्या रूपांत मिळतं. चिठ्ठीवर रूप लिहिलेलं असतं, पण दुकानात "मलम नाही, क्रीम आहे, सारखंच आहे" असं सांगून बदललं जातं. ते सारखं नसतं.

मलम तेलकट, व्हॅसलिनसारखं. ते जाड, कोरड्या, भेगा पडलेल्या जागी चांगलं, कारण ओल आत धरून ठेवतं. तेच मलम जांघेत लावलं की घाम कोंडतो आणि कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते. घडीच्या जागी आणि चेहऱ्यावर क्रीम बरं. केसांच्या जागी लोशन, जेल किंवा थेंबांचं औषध, नाहीतर सगळं केसांवरच राहतं आणि कातडी कोरडीच. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या, तेच स्टेरॉइड मलमाच्या रूपात साधारणपणे क्रीमपेक्षा जास्त जोर धरतं. रूप बदललं की ताकदही बदलली.

४. धुणं आणि कोरडं करणं

इथे लोक घाई करतात. आंघोळीला पाणी कोमट घ्या. हिवाळ्यात गीझरचं कढत पाणी अंगावर घेऊन वर खाज येते म्हणून तक्रार करणाऱ्यांचं अर्धं दुखणं त्या पाण्यातच असतं.

टॉवेलनं टिपून घ्या, खसाखसा पुसू नका. क्रम असा: आधी चेहरा आणि अंग, मग काखा, मग पाय आणि बोटांची बेचकी, सगळ्यांत शेवटी जांघ, आणि जांघेला वेगळा लहान पंचा. नायटा पायाला आणि जांघेला दोन्हीकडे असेल तर चड्डीआधी मोजे घाला. चड्डी पायातून वर येताना पायाची बुरशी जांघेत घेऊन जाते. मी हे सांगते तेव्हा लोक हसतात, पण महिन्याभरानं येऊन "ताई, खरंच उपयोग झाला" असंही सांगतात.

घडीच्या जागा टिपल्यानंतर दोन-तीन मिनिटं पंख्याखाली उघड्या राहू द्या. पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात कपडे नीट वाळत नाहीत तेव्हा आतले कपडे इस्त्री करून घाला. दमट चड्डी घालून वर कितीही भारी औषध लावलं तरी नायटा हटत नाही.

तपासा: घडीत बोट फिरवा. बोट अडखळलं, चिकटलं, तर जागा अजून ओली आहे. मलम लावायची वेळ झालेली नाही.

५. बोटाच्या पेरानं मोजायचं

"थोडंसं लावा", "पातळ थर द्या" यावरून कुणालाच काही कळत नाही. घाबरणारा माणूस टिकलीएवढं लावतो, उतावळा अर्धी ट्यूब चोळतो. मोजायची सोपी रीत अशी.

तर्जनी आडवी धरा, पेराची बाजू वर. टोकाकडच्या पहिल्या वळीपासून बोटाच्या टोकापर्यंत ट्यूबमधून एक सलग रेघ काढा. ट्यूबचं तोंड साधारण ५ मिलिमीटर रुंद असेल तर ही रेघ झाली जवळपास अर्धा ग्रॅम. डॉक्टर याला फिंगरटिप युनिट म्हणतात, आपण पेर म्हणू. एका पेरात मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढी जागा, बोटं जुळवून धरलेली, नीट माखली जाते.

मोठ्या माणसाला एका वेळेला लागणारं माप:

चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं.
एक हात, खांद्यापासून मनगटापर्यंत, ३.
एक पंजा, दोन्ही बाजू, १.
छाती आणि पोट ७.
पाठ आणि ढुंगण ७.
एक पाय, जांघेपासून घोट्यापर्यंत, ६.
एक पाऊल २.

हे माप पूर्ण भाग माखायचं आहे. चट्टा लहान असेल तर तळहाताशी ताडून बघा: आपल्या बोटांसकट तळहाताएवढा चट्टा म्हणजे अर्धं पेर.

या हिशोबानं ट्यूब किती लागेल तेही कळतं. दोन्ही पायांना दिवसातून दोनदा लावायचं तर ६ गुणिले २ गुणिले २, म्हणजे २४ पेरं, म्हणजे रोज १२ ग्रॅम. आणि आपण १५ ग्रॅमची एक ट्यूब नेतो आणि ती महिनाभर पुरवतो. नायट्याचं क्रीम असं पुरवून वापरलं की नायटा बरा होत नाही, वर "औषध लागू पडलं नाही" म्हणून लोक दुसऱ्या ट्यूबकडे वळतात, आणि ती बहुतेक मिश्र असते.

तपासा: काही ट्यूबचं तोंड फार बारीक असतं, मग तेवढ्याच लांबीच्या रेघेत औषध कमी येतं. १० ग्रॅमची ट्यूब साधारण २० पेरांत संपायला हवी. तुमची ४० पेरं झाली तरी उरली असेल तर रेघ बारीक पडते आहे, तेव्हा दोन रेघा शेजारी शेजारी काढा.

६. प्रत्यक्ष लावणं, जागेनुसार

सगळीकडे लागू पडणारं आधी. हात धुवा. पेरावरचं औषध चट्ट्यावर चार-पाच ठिकाणी टेकवा आणि मग पसरवा. एकाच जागी गोळा ठेवून चोळत नेऊ नका. हात केसांच्या दिशेनं फिरवा, उलटा फिरवला तर केसांच्या मुळाशी मलम बसून पुटकुळ्या येतात. जोरानं रगडायची गरज नाही. शेवटी हात धुवा. औषध हातालाच लावलं असेल तर अर्थातच नाही.

मॉइश्चरायझर आणि औषध दोन्ही असेल तर एकावर एक लगेच लावू नका, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. नाहीतर औषध पातळ होतं आणि चट्ट्याबाहेरच्या चांगल्या कातडीवर पसरतं.

*नायटा, कुठेही असो.* बुरशी दिसते त्या कडेच्या बाहेर पसरलेली असते. म्हणून बाहेरून आत यायचं: कडेच्या २ सेंटिमीटर बाहेरून सुरू करा आणि मध्याकडे या. आतून बाहेर नेलंत तर कडेपर्यंत पोचताना बोटाला काही उरत नाही. स्टेरॉइडचं बरोबर उलटं. ते फक्त चट्ट्यावर, चांगल्या कातडीवर अजिबात नाही.

*पापण्या.* स्टेरॉइड डोळ्यांच्या डॉक्टरांनी किंवा त्वचारोगतज्ज्ञांनी पापणीसाठी म्हणून लिहून दिलं असेल तरच. इथून औषध डोळ्यात उतरतं. जास्त दिवस लावल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. कपाळाला, गालाला लावलं तरी डोळे चोळायच्या आधी हात धुवा.

*चेहरा.* पुटकुळ्या, वांग, काळे डाग यांच्यावर मिश्र ट्यूब कधीच नाही. उन्हाचं क्रीमही, म्हणजे सनस्क्रीन, चेहऱ्यावर लोक चवीपुरतं लावतात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हीवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मान यांना लागतं. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं आणि उन्हात राहणार असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि चपलेतून उघडी पडणारी पावलाची वरची बाजू विसरू नका. ओठांना तेलाच्या ग्रंथी जवळजवळ नसतात, त्यांना वेगळा बाम.

*काख, जांघ, स्तनांखाली.* माप अर्ध्यावर आणा, थर इतका पातळ की बोट कोरडं वाटावं. लावून झाल्यावर पाच मिनिटं उघडं. वर टॅल्कम पावडर टाकू नका. घामात तिच्या गाठी होतात आणि त्या घासतात. पट्टी किंवा प्लास्टिक कधीही बांधायचं नाही, घडी हीच पट्टी आहे.

*डोकं.* केसांचा भांग पाडा, लोशनच्या बाटलीचं टोक कातडीला टेकवून थेंब सोडा, बोटानं टिपा, मग एक बोट अंतरावर दुसरा भांग. पूर्ण डोक्याला दहा-बारा भांग होतात. त्याआधी तेल लावलेलं नको. रविवारी डोक्याला भरपूर तेल थापून वर कोंड्याचं औषध लावणाऱ्या आमच्या आत्याला हे पटवायला मला दोन वर्षं लागली. तेल थापायचंच असेल तर धुण्याआधी, आणि औषध धुऊन वाळल्यावर.

*तळहात.* रात्री, भांडी-धुणी आटपल्यावर. दिवसभर लावलेलं पाण्याबरोबर जातं.

रंगपंचमीच्या गेरेला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जाणाऱ्यांसाठी इथेच सांगते. आदल्या रात्री आणि सकाळी अंगाला, विशेषतः चेहरा, कानांमागे, केसांच्या मुळाशी आणि नखांच्या कडांना खोबरेल तेल लावा. चेहऱ्याचा रंग घासून काढू नका. राहिला तर तीन-चार दिवसांत आपोआप जातो. तळहाताचा जास्त दिवस राहतो, मेंदीसारखाच. रॉकेल वगैरे तर मुळीच नाही. कातडीवर चट्टे, चिरा असतील किंवा स्टेरॉइड चालू असेल तर त्या वर्षी गच्चीवरून बघा.

७. किती दिवस

डॉक्टरांनी दिवस लिहून दिले असतील तर तेच खरे. लिहिले नसतील तर विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. मुदत जागेनुसार बदलते, हे तुम्हाला माहीत असलं म्हणजे पुरे.

चेहरा आणि घडीच्या जागा: सौम्य स्टेरॉइडसुद्धा थोडे दिवस, साधारण आठवड्याच्या आत, आणि फक्त सांगितलं असेल तर. पाठ, हात-पाय: जोरदार स्टेरॉइड सलग दोन आठवडे झाले की पुन्हा दाखवायचं. क्लोबेटासोलची मर्यादा मोठ्या माणसालाही आठवड्याला ५० ग्रॅम आणि सलग दोन आठवडे. तळहात-तळपाय: जाड कातडी, म्हणून डॉक्टर इथे जास्त दिवस आणि जास्त जोराचं देतात. त्या मुलीच्या वडिलांचं असंच होतं.

नायट्याच्या क्रीमची चूक वेगळी. तिथे लोक लवकर थांबतात. चट्टा दिसेनासा झाल्यावरही, वेगळं सांगितलं नसेल तर, दोन आठवडे लावत राहा.

खबरदारी: चेहऱ्यावर महिनोन् महिने स्टेरॉइड लावलं असेल तर हे वाचून उद्यापासून एकदम बंद करून घरी बसू नका. थांबवल्यावर चेहरा भडकतो, आग होते, आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब घेतो. त्वचारोगतज्ज्ञांना भेटा, ते टप्प्याटप्प्यानं सोडवतात. पैशांची अडचण असेल तर एम. वाय. हॉस्पिटलसारखी सरकारी रुग्णालयं आहेत, तिथल्या ओपीडीत सकाळी लवकर जा.

८. टाचेच्या भेगा: ही वेगळी वाट

टाचेला स्वतःचं तेल नाही. तेलाच्या ग्रंथीच नाहीत. जाड साय वाळते, वरून शरीराचं वजन पडतं, आणि ती कडेनं फाटते. माळव्याचा कोरडा हिवाळा आणि नंतर एप्रिल-मेची लू, या दोन्हींत मागून उघड्या चपला. म्हणून तिथे क्रम असा:

कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवा. जास्त वेळ नको.
वज्रीनं हलक्या हातानं, एकाच दिशेनं घासा. ब्लेड, कात्री नाही. साय एका दिवसात काढायची नसते, आठवड्यातून दोनदा थोडी थोडी.
टिपून घ्या, बेचकी मात्र पूर्ण कोरडी करा.
पाय अजून किंचित ओलसर असतानाच युरिया असलेलं क्रीम लावा. युरिया साय मऊ करतो आणि पाणी धरून ठेवतो. प्रत्येक पावलाला दोन पेरं.
सुती मोजे घालून झोपा.

कोकमाचं तेल आजी लोक वापरायच्या, तेही चांगलं. कोकणातून कुणी येणार असेल तर मागवून घ्या, गरम करून भेगेत भरलं की भेग बुजते आणि दुखायची थांबते. पण साय मऊ करायचं काम ते करत नाही, म्हणून वरचे टप्पे चुकवू नका.

खबरदारी: मधुमेह असेल तर ही सगळी वाट बदलते. पाय बुडवून ठेवायचे नाहीत, घासायचे नाहीत, आणि भोवरी-घट्ट्यांसाठी मिळणारी सॅलिसिलिक अ‍ॅसिडची पट्टी किंवा मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही. पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग कातडी जळाली तरी कळत नाही. रामबागेतल्या एका आजींनी नवीन ब्लेडनं टाचेची साय काढली होती, "जरा सुद्धा दुखलं नाही गं" असं मला कौतुकानं सांगत होत्या. त्यांचा मोजा रक्तानं चिकटला होता. जखम भरायला अडीच महिने गेले. मधुमेह असणाऱ्यांनी रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघावेत, नाहीतर घरातल्या कुणीतरी बघावेत.

९. बाळं आणि वयस्क

बाळाचं वजन कमी आणि त्या मानानं कातडीचा पसारा मोठा, वर ती पातळ. म्हणून लावलेलं औषध अंगात जास्त भिनतं. डायपर म्हणजे बांधलेलं प्लास्टिकच, त्याखाली स्टेरॉइडची ट्यूब स्वतःच्या मनानं कधीच नाही. माप मोठ्या माणसाच्या बोटानंच मोजायचं, पण संख्या कमी. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला चेहरा-मान दीड पेर, एक पूर्ण हात पंज्यासकट दीड, एक पाय पावलासकट २, छाती-पोट २, पाठ आणि ढुंगण ३.

सत्तरीनंतर हाताच्या पाठीची आणि नडगीची कातडी पातळ होते, साधं खरचटलं तरी निळं-काळं पडतं. तिथे जोराचं स्टेरॉइड आणखी नुकसान करतं. नडगीच्या हिवाळी खाजेला बहुतेक वेळा औषध लागतच नाही. साबण कमी करा, पाणी कोमट घ्या, आणि आंघोळीनंतर अंग पुरतं वाळायच्या आत साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावा. घसरू नये म्हणून तळव्याला मात्र ते बाथरूममध्ये लावू नका, पलंगावर बसून लावा.

१०. ट्यूबवर लिहा

मार्कर घ्या आणि ट्यूबवर तीन गोष्टी लिहा: कुणाची, कोणत्या जागेची, कोणत्या तारखेपर्यंत. "पप्पा, तळवा, १५ जूनपर्यंत" एवढं पुरतं. नळीवरचं छापील नाव पुसलं जाईल असं लिहू नका. दवा बाजारातून स्वस्त पडतात म्हणून एकदम सहा ट्यूब आणून कपाटात ठेवणाऱ्यांनी प्रत्येकीवर लिहावं.

मुदत संपल्यावर उरलेली स्टेरॉइडची ट्यूब "लागेल कधीतरी" म्हणून ठेवू नका. पिळून कागदावर काढा, कागद गुंडाळून कचऱ्यात टाका, मग रिकामी ट्यूब टाका. भरलेली टाकली तर घरकामाच्या मावशी किंवा कचरा वेचणारी पोरं ती उचलतात, आणि चेहऱ्याला लावतात.

ती कॉलेजची मुलगी आता दीड-दोन महिन्यांनी चिठ्ठी घेऊन येते. गालावरची आग गेली आहे, शिरा अजून दिसतात. परवा आली तेव्हा वडिलांची नवी ट्यूब न्यायला आली होती. पिशवीत टाकायच्या आधी तिनं माझ्याकडून मार्कर मागून घेतला.